हाकेला ओ

१

आमच्या लारमोनमध्ये दुसऱ्याचं फाटक कोणी उघडत नाही. बाहेर उभं राहायचं आणि ओरडायचं, ‘आऽत!’ घरात माणूस असलं की ओ येते, ‘बाहेर!’ किंवा ‘ये!’ किंवा ‘थांब जरा, हात भरलेत!’ ओ आली नाही तर मुकाट्यानं चालू लागायचं. स्वतःच्या घराला मात्र कोणी हाक मारत नाही. ढकललं फाटक, की आत.

माझं घर रस्त्याच्या वरच्या अंगाला आहे. रस्त्याखाली काळ्या वाळूचा किनारा. ती वाळू बघायला कुठून कुठून पाहुणे येतात, दुपारी तिच्यावर अनवाणी उतरतात आणि मग कोंबड्यांसारखे उड्या मारत पाण्याकडे पळतात. दोन खोल्या मी त्यांना भाड्यानं देते. नवरा, कॉस्मोर, मोठ्या जहाजावर भटारी आहे, वर्षातून एकदा येतो. घरात मी, माझी मुलगी जोनेल आणि आमची मा, म्हणजे माझी आई.

म्हणजे, मा होती. आमचा ज्वालामुखीचा डोंगर फुटला तेव्हा आम्हा सगळ्यांना बेटाच्या दक्षिणेला नेऊन एका शाळेत ठेवलं. मा तिथंच गेली, चौथीच्या वर्गात, दोन बाकं जोडून केलेल्या खाटेवर. शेवटपर्यंत तिचा एकच धोशा होता, मला घरी न्या. रस्ते बंद होते. तिला तिथंच पुरावं लागलं.

जोनेल तेव्हा सात वर्षांची. जन्मापासून आजीच्या कुशीत झोपलेली पोर. पुरून आल्यावर ती बोलायची बंद झाली. रडणं नाही, हट्ट नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. आम्ही गावी परतलो, छपरावरची राख खोऱ्यानं ओढली, खिडक्यांच्या झडपा धुतल्या, तरी पोरीच्या तोंडून शब्द नाही. अर्धं गाव परत आलंच नव्हतं. राखेचं खत मिळून झाडं मात्र अशी माजली होती की ओसाड घरांच्या दारांतून केळी बाहेर डोकावत होत्या. आमच्या नीरफणसाच्या फांद्या फळांनी जमिनीला टेकल्या होत्या. मला त्या हिरवेपणाचा राग यायचा. माझं लेकरू सुकत चाललं होतं आणि ह्यांना बहर आला होता.

तिनं मला एकदा ‘मम्मी’ म्हणावं, एवढंच मी मागत होते. कोणाकडेही मागितलं असतं.

२

पहिली हाक आली ती दुपारी. मी कालवणाचं अळू चिरत होते. ‘आऽत!’

‘बाहेर!’ म्हणत मी हात पुसत गेले. फाटकाशी कोणी नव्हतं. रस्ता दोन्हीकडे सरळ, लपायला एक बदामाचं झाड, तेही काठीसारखं. गावात उरलेली कार्टी असतील म्हणून मी चार शिव्या हासडल्या आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. आवाज बाईचा की पुरुषाचा, ते कळत नव्हतं. तोंडात घास धरून कोणी बोलावं तसा. मी माझ्या मनाला समजावत होते की वारा खालून वर येतो, किनाऱ्यावरचं बोलणं घराशी येऊन आपटतं. तसं होतंही आमच्याकडे. फक्त वाऱ्याला जेवणाची वेळ कशी कळते, एवढं मला सांगता येत नव्हतं.

आल्विन, आमचा होडीवाला, पाहुण्यांना घेऊन आला तेव्हा त्याला सांगितलं. तो मासे उतरवता उतरवता हसला. ‘कोणीतरी म्हातारा लाळ घोटतोय तुझ्यावर. कॉस्मोरला कळवू का?’

‘तूच असशील मेल्या.’

‘मी असतो तर ओ येईपर्यंत थांबलो नसतो. तळणीच्या वासानंच भिंत चढून आलो असतो.’

त्या होडीतून हेंड्रिक नावाचे पाहुणे आले होते. हॉलंडचे, सत्तरीचे, एकटे. त्यांना डोंगर चढायचा होता आणि पंधरा दिवस काळ्या वाळूवर बसायचं होतं. सभ्य माणूस. ताट स्वतः उचलून मोरीत ठेवायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांना भूक लागली होती, तेल तापलं होतं, मासे कढईत, माझी पाठ दाराकडे. ‘आऽत!’

‘अगं ये की बाई आत!’ मी मागं न बघता ओरडले. ‘किती दिवस नुसती बोंबलशील?’

मी मासे उलटले. मागं फाटक किरकिरलं. राखेनं बिजागऱ्या खाल्ल्यापासून ते किरकिरल्याशिवाय उघडत नाही. मी वळून बघितलं तेव्हा फाटक उघडं होतं आणि अंगण रिकामं. शेळीनं ढकललं असेल, असं मी म्हटलं. शेळी दिसत नव्हती.

३

त्यानंतर हाका थांबल्या. मला सुटल्यासारखं झालं.

माच्या खोलीत मी कोणाला ठेवत नव्हते. झडपा लावलेल्या, पलंगावर चादर ओढलेली. एका सकाळी तिथं झाडायला गेले तर पलंगाजवळ काळ्या वाळूचा ढीग. आमच्या घरात वाळू सगळीकडेच असते, पायांबरोबर येते. पण ती पायांना चिकटून येते, ढीग करून बसत नाही. मी सुपलीत भरून बाहेर फेकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच.

मग एका दुपारी मी पडवीत झाडत होते आणि मला जोनेलचा आवाज ऐकू आला.

झाडणी तिथंच टाकून मी धावले. इतक्या महिन्यांनी! माच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत पोर भडाभडा बोलत होती: शेळीला दोन करडं झाली, एक काळं आहे, आल्विनकाकानं नवं इंजिन घेतलंय, मम्मी मासे जाळते. मध्येच थांबायची. आपण बोलताना समोरच्याला बोलू द्यायला थांबतो, तेवढंच. मग हसायची आणि पुढं बोलायची.

मी दार ढकललं. ती पलंगाच्या कडेवर एकटी बसली होती, पाय हलवत.

‘कोणाशी बोलत होतीस गं?’

‘ग्रॅनीशी,’ ती म्हणाली. ‘मम्मी, तू रडू नकोस ना.’

मम्मी. मी तिला छातीशी धरलं आणि गुराढोरासारखी रडले. आता खोटं कशाला बोलू, त्या क्षणी खोलीत सैतान असता तरी मी त्याचे पाय धरले असते. मुलं मेलेल्या माणसांशी बोलतात, डॉक्टरांनीही सांगितलं होतं, त्यानं बरं वाटतं त्यांना. मी तिला बोलू दिलं. रोज दुपारी ती त्या खोलीत जायची, दार लोटायची. बाहेर आली की माझ्याशीही बोलायची, जेवण मागायची, भेंडीला नाक मुरडायची. मी दाराबाहेर उभी राहून ऐकायचे. दुसरा आवाज कधी कळला नाही. पण पलंगाच्या फळ्या दोघींच्या वजनानं वाजाव्यात तशा वाजायच्या. मा घरी यायचं म्हणत होती, आली असेल, असं मी मनात म्हणू लागले होते. म्हणताना बरं वाटायचं.

४

हेंड्रिक सकाळच्या कोकोसाठी टेबलाशी बसले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, ‘मी आज निघतो. राहिलेल्या दिवसांचं काही परत देऊ नका.’

‘काय झालं? डोंगर राहिला ना तुमचा.’

त्यांनी पेला हातात फिरवला. ‘तुमच्या आई त्या बंद खोलीत असतात ना?’

‘आई वारली माझी,’ म्हटलं.

‘काल दुपारी मी तिथून जात होतो. आतून मला हाक आली. नावानं. आत ये म्हणाली. लहानपणी मला घरात एका नावानं हाक मारायचे. हेंड्रिक नाही, दुसरंच. ते माझ्या आईशिवाय कोणाला माहीत नव्हतं. तिचाच आवाज होता. आमच्या भाषेत.’

‘तुम्ही गेलात आत?’

‘नाही,’ ते म्हणाले. ‘माझी आई मला कधी आत ये म्हणाली नाही. ती म्हणायची, बाहेर जा, खेळ.’ आणि सत्तर वर्षांचा तो माणूस माझ्या टेबलावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला.

आल्विनच्या सकाळच्या होडीनं ते गेले. घाईत त्यांच्या चपला पडवीत राहिल्या.

मी भांडी घासायला बसले आणि मला तेव्हा कुठं अक्कल आली. माला घरी यायचं होतं, कबूल. पण मा फाटकाशी उभी राहून ‘आत!’ कशाला ओरडेल? घर तिचं. खांब तिच्या नवऱ्यानं रोवलेले, नीरफणस तिनं लावलेला. ती फाटक ढकलून आली असती आणि अळूत मीठ कमी का म्हणून मला शिव्या दिल्या असत्या. हाक मारून परकं माणूस उभं राहतं. ओ मिळेपर्यंत ज्याला येता येत नाही, ते.

आणि मी त्याला कढईकडे तोंड करून ये म्हटलं होतं.

५

आल्विनची दुपारची होडी परत यायची होती. तोवर मी एका पिशवीत दोघींचे कपडे कोंबले. डोंगरावरून धुकं उतरून आलं होतं, गंधकाचा वास नाकात बसला होता, अंगणापलीकडचं काही दिसत नव्हतं. जोनेल कुठं होती ते मला माहीत होतं. दार लोटलेलं होतं आणि आत काही बोलणं नव्हतं.

मी दाराशी उभी राहिले. आत बघायची माझी हिंमत झाली नाही. मी दार वीतभर उघडलं, हात आत घातला आणि म्हटलं, ‘जोनेल, चल बाळा. आल्विनकाका आलाय.’

एक लहानसा हात माझ्या हातात आला. गार होता, तळव्याला वाळू लागलेली. मी तो घट्ट धरला आणि ओढलं. पोर बाहेर आली. तिच्या डोक्यावरून, नको नको म्हणताना, माझी नजर आत गेलीच.

दारामागच्या कोपऱ्यात कोणीतरी भिंतीकडे तोंड करून उभं होतं. डोक्यापासून पायापर्यंत राखेच्या रंगाचं. उंची माझ्या कमरेइतकी. शिक्षा केलेल्या मुलासारखं, हात मागं धरून. ते वळायच्या आत मी दार ओढून घेतलं.

आम्ही पडवी उतरलो, अंगण ओलांडलं. फाटक किरकिरलं. तेवढ्यात घरातून आवाज आला.

‘मम्मी!’

जोनेलचा आवाज. हुबेहूब. ‘मम्मी, थांब ना! मम्मी, मी इथं आहे!’

मी खाली बघितलं. जोनेल माझ्याशेजारी उभी होती, पिवळा फ्रॉक, विस्कटलेल्या वेण्या. तिनं मागं वळून बघितलं नाही. रस्त्याकडे बघत होती.

मी विचार केला. त्या घाईतही केला, आणि नीट केला. घरात शिरलेलं जे काही आहे त्याला आवाज काढता येतात. पोरीसाठी माचा काढला, हेंड्रिकसाठी त्यांच्या आईचा काढला. आता पोरीचा काढणारच. आवाज कोणाचाही असेल, पण हात हा हात असतो, त्याला हाडं असतात, नखं असतात. मी हातात आहे त्याच्यावर विश्वास ठेवला. कोणीही तेच केलं असतं.

‘मम्मी, तिनं मला हलायचं नाही म्हणून सांगितलंय! मम्मी, तू ये!’

मी पोरीला कडेवर घेतलं आणि धावत सुटले. किनाऱ्यावर आल्विननं इंजिन चालू ठेवलं होतं. त्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

६

दक्षिणेला मासळीबाजारामागे, एका पाववाल्याच्या माडीवर खोली मिळाली. मी त्याचीच कणीक माडीवर मळून द्यायला लागले. आम्हाला येऊन अजून आठवडाही झालेला नाही. दोनदा रात्रीचा जोराचा पाऊस पडला आणि गावाकडे जाणारा रस्ता पुन्हा वाहून गेला. बरं झालं, असं मला वाटलं.

जोनेल शाळेत जाते, शेजारच्या मुलांशी खेळते. बोलते. वाढलेलं सगळं खाते, भेंडीसुद्धा. बाईंनी तिचं कौतुक केलं. एकच गोष्ट आहे. शाळेतून आली की ती बाहेरच्या उघड्या जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबते. दार उघडं असलं तरी थांबते आणि ओरडते, ‘आऽत!’

पहिल्या दिवशी मी हसले. ‘अगं वेडे, ये ना. आपलंच तर घर आहे.’

‘तुझं आहे,’ ती म्हणाली. आणि मी ये म्हटल्यावर आली.

आज सकाळी आल्विन बाजारात भेटला. टोपलीतले मासे माझ्याकडे सरकवले पण नेहमीसारखी थट्टा केली नाही.

‘एझलिन, तुझ्या घरात कोणाचं तरी पोर शिरलंय.’

‘कोणाचं?’

‘काय माहीत. पाहुणे घेऊन किनाऱ्यावर जातो तेव्हा रोज ऐकतो. काल वर गेलो. फाटकाशी उभा राहून हाक मारली. आतून ओ आली, बाहेर! लहान मुलगी.’

‘शेळी असेल.’

‘शेळी बोलते का गं? मी विचारलं, कोण तू, इथं काय करतेस. तर म्हणाली, मम्मी येईपर्यंत बाहेर पडायचं नाही, असं ग्रॅनीनं सांगितलंय. मी म्हटलं, बिस्किटं देऊ? तर नुसती रडायला लागली.’

‘तू आत गेला नाहीस?’

‘दुसऱ्याचं फाटक!’ तो म्हणाला. ‘ये म्हणाली असती तर गेलो असतो. म्हणालीच नाही.’ मग माझ्याकडे बघून त्यानं आवाज खाली आणला. ‘तुझी जोनेल तुझ्यापाशी आहे म्हणून बरं. नाहीतर मी म्हटलं असतं, तिचाच आवाज.’

मी म्हटलं, मला आत्ताच्या आत्ता ने. तो म्हणाला, समुद्र बघितलास का, आज कोणीही होडी घालणार नाही, उद्या सकाळी नेतो. मी त्याचा हात धरला, पाया पडले, तरी नाही म्हणाला. जाता जाता विचारलं, ‘येताना किती जणी असाल? त्या बेतानं तेल भरतो.’

मी मासे तिथंच ठेवून माडीकडे वळले.

दिवसभर मी कणीक मळत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तो कोपरा होता. झडपा लावलेल्या खोलीत पिवळा फ्रॉक कसा दिसेल? राखेसारखाच दिसेल. कोणीही तिथं उभं राहिलं तर राखेसारखंच दिसेल. स्वयंपाकघरात बिस्किटांचा डबा अर्धा होता. केळी होती, तिथवर तिचा हात पोचतो. पाणी पिंपात आहे. झाकण जड आहे.

दुपारी भरून आलं आणि पाऊस सुरू झाला. तेवढ्यात जिन्यावरून हाक आली. ‘आऽत!’

मी ओ दिली नाही. हात तसेच कणकेत ठेवून खिडकीतून बघितलं. ती पायरीवर उभी होती, पावसात. दार उघडं होतं. माझी जोनेल असती तर तिनं रडून घर डोक्यावर घेतलं असतं. ही शांत उभी होती, ओठ मिटून, पाणी गालावरून ओघळत होतं. पुन्हा हाकही मारली नाही. मी ओ देईन हे तिला माहीत होतं.

आणि माझंच चुकत असेल तर? डोंगरानं, शाळेनं, त्या घरानं पोरीचं काय काय केलं असेल ते मला कुठं कळतंय? पोटच्या लेकराला पावसात उभं करून ठेवणारी मी कोण?

‘ये,’ मी म्हटलं. ‘ये बाळा, आत ये.’

ती आली. मी टॉवेल घेऊन तिचे केस पुसायला बसले.

‘उद्या मी गावी जाऊन येणार आहे,’ म्हटलं. ‘तू पाववाल्याच्या बायकोपाशी थांबशील ना?’

‘कशाला जातेस?’

‘घर बघायला.’

‘मग मी इथंच बसते,’ ती म्हणाली. ‘आतच.’

मी तिचे केस पुसत राहिले. तिची मला भीती वाटत नाही, खरं सांगते. भीती वाटते ती उद्याची. मी माझ्याच फाटकाशी उभी राहीन, हाक मारीन आणि आतून माझी पोर ओ देईल. ती मला विचारेल, मी इथं होते तर मम्मी, तू कोणाचा हात धरून गेलीस?